उन्हाचा तडाखा आणि रॉकवूल: स्लॅबखालचं पाणी मोजा

पारा ३५ अंशांच्या पुढे सरकला की रॉकवूलवरच्या, म्हणजे मातीऐवजी दगडी लोकरीच्या लाद्यांत (स्लॅबमध्ये) वाढवलेल्या टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीच्या तक्रारी एकाच सुरात येऊ लागतात. दुपारी झाड मान टाकतं, पानांच्या कडा करपतात, टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. "टाकीतली ईसी बरोबर, पीएच बरोबर, मग बिघडलं कुठे?" ईसी म्हणजे द्रावणातल्या क्षारांचं माप. मी विचारतो, निचऱ्याची, म्हणजे स्लॅबखालून गळणाऱ्या पाण्याची ईसी किती? त्यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण ती मोजलेलीच नसते. मीटर घरात असतो, पण तो टाकीच्या पुढे जात नाही.

कडक उन्हात झाड पाणी भरपूर ओढतं, क्षार त्या मानाने कमी घेतं. उरलेले क्षार स्लॅबमध्येच साचतात. मातीत चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ ही चूक काही दिवस तरी पोटात घालतात. रॉकवूलकडे तशी सोय नाही. बेसॉल्टसारखा खडक साधारण १,५०० अंशांवर वितळवून काढलेले हे तंतू. त्यांना अन्नद्रव्यं धरून ठेवता येत नाहीत की पीएच सांभाळता येत नाही. त्यात १०० × १५ × ७.५ सेंमीच्या स्लॅबचं आकारमान जेमतेम ११ लिटर, आणि त्यावर तीन झाडं. ड्रिपरमधून २.५ ईसीचं द्रावण पडत असताना आत ५ झालेली असते आणि वरून काहीच दिसत नाही.

म्हणून एवढं आजच करा. एका स्लॅबखाली ट्रे ठेवून निचरा एका भांड्यात घ्या. शेजारी एक जादा ड्रिपर बाटलीत सोडा. सकाळी दोन्हींचं माप, ईसी आणि पीएच वहीत लिहा. समजा तीन ड्रिपर, प्रत्येकी १०० मिली, दिवसभरात २० पाळ्या, म्हणजे ६ लिटर दिलं. निचरा दीड लिटर आला तर तो २५ टक्के. कडक उन्हात २५ ते ३० टक्के हवा, ढगाळ दिवशी १० ते १५ पुरतो. "पाणी वाया जातं" म्हणून निचरा बंद करणाऱ्यांचे प्लॉट मी बसताना पाहिलेत. ते पाणी जमा करून जमिनीवरच्या पिकाला द्या, पण स्लॅबमधून बाहेर पडू द्या.

निचऱ्याची ईसी ड्रिपरपेक्षा १ ने जास्त असली तर पाळ्या वाढवा आणि टाकीतली ईसी थोडी उतरवा. टोमॅटोला उन्हाळ्यात २ च्या आसपास चालते. फरक दीड-दोनवर गेला तर सकाळच्या पाळ्यांत १ ते १.५ ईसीचं पातळ द्रावण, निचऱ्याची ईसी खाली येईपर्यंत. निव्वळ साधं पाणी सोडून धुऊ नका. मुळांना एकदम झटका बसतो आणि टोमॅटोची फळं तडकतात. काकडी आणि ढोबळी मिरची टोमॅटोपेक्षा नाजूक, त्यांच्याकडे आधी बघा.

आता त्या काळ्या डागाबद्दल. दुकानात गेलात की कॅल्शियमची फवारणी हातात पडते, सोबत मुळं वाढवणारं टॉनिक. टाकीत कॅल्शियम नायट्रेट आधीच आहे. कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबर झाडात चढतं, आणि क्षारांनी गच्च झालेल्या स्लॅबमधून झाडाला पाणीच ओढता येत नाही. मग बाटली कितीही महाग असो, डाग थांबत नाही. निचरा मोजायच्या आधी एकही बाटली विकत घेऊ नका. कोवळी पानं पिवळी पडली की लोहाची फवारणी खपवतात, तेही याच जातीचं. निचऱ्याचा पीएच ७ च्या वर असेल तर ईडीटीए लोह (खतातलं लोहाचं एक विद्राव्य रूप) तिथे टिकत नाही, पीएच ५.५ ते ६.५ मध्ये आणा, आणि तोवर हवं तर डीटीपीए लोह (जास्त पीएचला टिकणारं रूप) वापरा.

पाळ्यांची वेळ: पहिली सूर्योदयानंतर तासा-दोन तासांनी, शेवटची सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी. माझा स्वतःचा एक ठोकताळा आहे, कुठल्या शिफारशीत सापडणार नाही. ऊन चांगलं चढायच्या आत पहिला निचरा टपकला नाही, तर त्या दिवशी दुपारी झाड लोळणार. आणि दुपारी लोळलेलं झाड संध्याकाळी उभं राहिलं तर दोष उन्हाचा. नाही राहिलं तर स्लॅब बाजूने उघडून मुळं बघा. पांढरी असतील तर क्षार, तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर पिथियम, मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग.

पिथियमला गरम पाणी मानवतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. टाकी आणि नळ्या सावलीत घ्या, स्लॅबचं पांढरं प्लास्टिक फाटू देऊ नका.

नवी लागवड असेल तर:
– प्लग (बी पेरायचे छोटे तुकडे) आणि ब्लॉक (रोपांचे ठोकळे) ५.५ पीएचच्या द्रावणात भिजवा; ५ च्या खाली नको, पिळू नका
– स्लॅब द्रावणाने पूर्ण भरून २४ तास ठेवा
– स्लॅबच्या प्लास्टिकला निचऱ्याची चीर त्यानंतरच, तळापर्यंत, दोन झाडांच्या मधे, उताराच्या बाजूला
– आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही
– कॅल्शियम नायट्रेटची टाकी सल्फेट-फॉस्फेटपासून वेगळी
– कापताना हातमोजे, मास्क. स्लॅब ओला करून घ्या
– ब्लॉकवर शेवाळ दिसलं की वरून झाका. चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे
– जुने स्लॅब कुजत नाहीत, शेतात गाडू नका

चीर उथळ राहिली तर तळाशी पाणी साचतं, क्षार धुतले जात नाहीत, आणि निचऱ्याचा आकडाही फसवा येतो. उभ्या पिकातल्या चिरासुद्धा या आठवड्यात एकदा वाकून तपासा, मुळांनी बुजलेल्या सापडतील.

वीज गेली तर भर उन्हात रॉकवूल काही तासच निभावतं, म्हणून उंचावरच्या टाकीतून चालणारी एखादी ओळ तयार असू द्या. वीज आल्यावर राहिलेलं सगळं पाणी एकदम सोडू नका. लहान लहान पाळ्या द्या, पहिला निचरा भांड्यात घ्या, त्याची ईसी बघा आणि मगच टाकीच्या द्रावणाला हात लावा.