ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देतो का? रेझाझुरिन आणि कार्बन इलेक्ट्रोडची चाचणी

डिस्क पद्धतीत अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) जिवाणू पसरून औषधाची चकती ठेवतात; ही प्लेट १६ ते १८ तास इन्क्युबेटरमध्ये राहिल्याशिवाय जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविक औषधाला दाद देतो की नाही, हे कळत नाही. येथे दिलेल्या कृतीत वाढ डोळ्यांना दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. जिवंत जिवाणू रेझाझुरिन या निळ्या रंगद्रव्याचे क्षपण करून (त्याला इलेक्ट्रॉन देऊन) गुलाबी रेसोरुफिन तयार करतात, आणि किती रेझाझुरिन उरले ते विद्युतप्रवाहावरून मोजता येते. ही कृती जैवसुरक्षा स्तर २ च्या (मध्यम धोक्याचे रोगजंतू हाताळण्याच्या) प्रयोगशाळेत सरावासाठी आणि पडताळणीसाठी आहे. तिच्यावरून रुग्णाचे औषध ठरवू नये.

आदल्या दिवशी अगारवर वाढलेल्या तीन-चार एकसारख्या वसाहती निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळून ०.५ मॅकफार्लंडइतका (मॅकफार्लंड हे गढूळपणाचे प्रमाण-माप) गढूळपणा आणावा आणि हे मिश्रण म्यूलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या पोषक द्रवात) शंभरपट पातळ करावे. तेवढ्याच आकारमानाचा, दुप्पट तीव्रतेचे औषध आणि रेझाझुरिन असलेला ब्रॉथ त्यात घातला की अंतिम प्रमाण बरोबर साधते. रेझाझुरिन शेवटी लिटरमागे सुमारे २५ मिलिग्रॅम असावे. ते प्रकाशात बिघडते, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळावी.

नळ्या चार लावाव्यात: जिवाणूंविना ब्रॉथ, औषधाविना जिवाणू, मिलिलिटरमागे ०.२५ मायक्रोग्रॅम औषध आणि १ मायक्रोग्रॅम औषध. हाच संच एटीसीसी २५९२२ या संवेदनशील, म्हणजे औषधाला दाद देणाऱ्या, प्रमाण-जिवाणूचा आणि प्रतिरोध आधीच सिद्ध झालेल्या एका जिवाणूचाही लावावा. हे दोन संच न लावण्याचा मोह होतो, पण त्यांच्याविना उरलेले आकडे निरर्थक आहेत.

नळ्या ३५ अंशांवर ठेवून दर अर्ध्या तासाने थोडे द्रव नव्या छापील कार्बन पट्टीवर घ्यावे आणि पोटेन्शिओस्टॅटवर (ठरावीक विद्युतदाब देऊन प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) डिफरन्शियल पल्स व्होल्टामेट्रीने, म्हणजे विद्युतदाब छोट्या स्पंदांनी बदलत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीने, रेझाझुरिनचे शिखर (आलेखातील प्रवाहाचा उंचवटा; रेझाझुरिन जितके जास्त तितका तो उंच) नोंदवावे. पट्टी पुन्हा वापरू नये, कारण ब्रॉथमधील प्रथिने कार्बनवर चिकटून पुढचे शिखर बुटके करतात आणि ते जिवाणूंचे काम आहे असे वाटते.

घाई खरी नडते ती येथे. सिप्रोफ्लॉक्सासिनने ई. कोलायचे विभाजन थांबते, पण लांबलचक झालेल्या पेशी काही काळ श्वसन करीतच राहतात. म्हणजे यंत्र मरण मोजत नाही, चयापचय मोजते. पहिल्याच तासात निकाल दिला तर संवेदनशील जिवाणूही प्रतिरोधक भासू शकतो. म्हणून औषधाविना नळीतील शिखर जिवाणूंविना नळीच्या निम्म्यावर येईपर्यंत थांबावे, आणि तोवर प्रमाण-जिवाणूच्या औषधी नळ्या स्पष्ट वेगळ्या पडल्या नसतील तर आणखी थांबावे.

मग १ मायक्रोग्रॅमच्या नळीतही शिखर औषधाविना नळीसारखेच घसरले असेल तर प्रतिरोधक, आणि ०.२५ च्या नळीतही ते टिकून असेल तर संवेदनशील, असे तात्पुरते नोंदवावे. फक्त ०.२५ च्या नळीत घसरण दिसली, किंवा आकडे मधेच रेंगाळले, तर तो जिवाणू ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनकडे (औषधाच्या चढत्या प्रमाणांच्या ब्रॉथमध्ये वाढ तपासण्याच्या प्रमाण पद्धतीकडे) पाठवावा आणि वहीत ‘अनिर्णित’ लिहावे. वापरलेल्या पट्ट्या आणि नळ्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय) कचऱ्यात जाऊ देऊ नयेत.