रात्री दोनला जाग येते आणि काळजी सुरू होते? प्रार्थना करणाऱ्या ज्येष्ठांनो, या चुका टाळा

माझं वय ७१. माहेर नगरकडचं, संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत अशा घरात वाढले, पुढे शाळेत शिकवलं, संडे स्कूल घेतलं. पण मिस्टर देवाघरी गेल्यावर जवळजवळ दीड वर्ष मी धड झोपले नाही. साडेनऊला पाठ टेकायची, डोळा लागायचा आणि दोन-सव्वादोनला टक्क जाग. मग मुलाचं होम लोन, मुलीची शुगर, उद्या मी बाथरूममध्ये पडले तर कोणाला कळणार, छातीत धडधड, आणि शेजारी त्यांची उशी. एकदा भगिनी मंडळाच्या मीटिंगमध्ये धीर करून हे बोलले तर एकामागून एक बायका म्हणायला लागल्या की अगं माझंही हेच आहे, फक्त लाजेने बोलत नव्हते. म्हणून लिहितेय, मी ज्या चुका केल्या त्या तुमच्या तरी टळाव्यात.

"झोप येत नाही म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय"

सगळ्यात जास्त त्रास मला ह्या एका विचाराने दिला. देवावर भार टाकलाय तर मग धडधडतं कशाला, असं स्वतःलाच टोचत राहायचं आणि त्या टोचणीने उरलीसुरली झोपही उडायची. पण बायबलमधली स्तोत्रं नीट वाचा ना. ६ व्या स्तोत्रात तो माणूस रात्रभर रडून अंथरूण भिजवतो, ७७ व्या स्तोत्रात तर म्हणतो की देवा तूच माझे डोळे मिटू देत नाहीस, इतका अस्वस्थ की बोलवतही नाही. ही माणसं अविश्वासू नव्हती, त्यांचीच गीतं आपण रविवारी देवळात वाचतो.

आणि अर्धी गोष्ट तर वयाची आहे. साठीनंतर गाढ झोपेचा भाग कमी होतो, झोप हलकी होते, शरीराचं घड्याळ पुढे सरकतं म्हणून संध्याकाळीच डोळे मिटायला लागतात आणि पहाटे लवकर उघडतात. झोपेची गरज मात्र फार कमी होत नाही, ७-८ तास लागतातच. रात्री एकदोनदा जाग येणं ह्या वयात नेहमीचं आहे, ती आली की घाबरायचं नाही एवढं आधी मनाशी पक्कं करा.

अंथरुणात पडून मध्यस्थीची (म्हणजे दुसऱ्यांसाठीची) प्रार्थना

ही माझी मोठी चूक, आणि चूक आहे हे कळायलाच फार वेळ लागला कारण प्रार्थना करणं चूक कसं असेल? मी काय करायचे, जाग आली की एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात करायचे. प्रभू माझ्या मुलाची नोकरी सांभाळ, आणि मग लगेच डोक्यात की गेली तर हप्ते कोण भरणार, फ्लॅट विकावा लागेल का, मुलांची शाळा, आणि दहा मिनिटांनी लक्षात यायचं की मी देवाशी बोलतच नाहीये, नुसता हिशोब करतेय. सुरुवातीला "प्रभू" म्हटलं म्हणून काळजीची प्रार्थना होत नाही.

मला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) एक साधी गोष्ट सांगितली, मध्यस्थीची प्रार्थना संध्याकाळी कर, बसून कर, दिवा चालू ठेवून कर. तेव्हापासून सात वाजता जेवणाच्या टेबलावर बसते, शंभर पानी वही आहे, डाव्या पानावर काळजी लिहिते, अगदी एका ओळीत, "मुलीचे रिपोर्ट गुरुवारी". उजव्या पानावर ह्यात उद्या माझ्या हातात काय आहे ते. "सकाळी फोन करून विचारणे." हातात काहीच नसेल तर तिथे फक्त "प्रभूकडे" असं लिहिते. मग पेत्राच्या पत्रातलं ते वचन मोठ्याने म्हणते, आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो, आणि वही मिटून कपाटात, बेडरूममध्ये न्यायची नाही. रात्री तीच काळजी परत आली (येतेच) तर एवढंच म्हणायचं की हे वहीत आहे.

अंथरुणात मग काय म्हणायचं? अगदी थोडं. मी २३ वं स्तोत्र म्हणते, मनात, हळू, एक ओळ श्वास घेताना आणि पुढची ओळ श्वास सोडताना, सोडताना जास्त वेळ लावायचा. लांब श्वास सोडला की छातीतली धडधड खरंच खाली बसते. कॅथलिक मैत्रिणी हेच रोझरीवर, त्यांच्या जपमाळेवर, करतात. किंवा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पाठ असलेलं भजन ओठ मिटून गुणगुणा, त्यानेही श्वास आपोआप लांबतो. नवीन वचन शोधायला लाइट लावून बायबल उघडू नका, लहानपणी पाठ केलेलं आहे तेच पुरे.

वचन म्हणजे झोपेची गोळी समजणं

"स्तोत्र म्हटलं तरी झोप आली नाही" असं मला एका बहिणीने फोनवर सांगितलं. अहो पण ती दर दोन मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ बघत होती! झोप लागतेय का हे तपासत राहिलं की झोप लागत नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. अंदाजे वीस मिनिटं झाली आणि डोळा लागत नाहीये असं वाटलं तर सरळ उठा, मंद दिव्यात खुर्चीवर बसा, शाल घ्या, आणि झोपायची धडपड सोडून नुसतं देवाजवळ बसा. पेंग आली की मगच अंथरुणात जा. गेल्या आठवड्यात दोनदा अशी उठले, दुसऱ्या रात्री परत आडवी झाले आणि ते २३ वं स्तोत्र हिरव्या कुरणापर्यंतच आलं, पुढचं आठवत नाही.

झोपताना यूट्यूब

कृपा करून हे बंद करा. चांगलं म्हणून प्रवचन लावतो, ते संपलं की आपोआप पुढचं सुरू, त्यात शेवटच्या काळाच्या खुणा, युद्ध, भूकंप, मोठमोठ्याने ओरडून सैतानाला हाकलणं, आणि मग दोन वाजता तेच सगळं डोक्यात. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आलेले प्रार्थनेचे अर्जंट मेसेजही रात्री साडेआठनंतर मी बघत नाही, कोणाचं काही असेल तर फोन येईल. प्रकटीकरण, बायबलमधलं ते शेवटच्या काळाचं पुस्तक, वाचायचं तर सकाळी वाचा.

शरीराकडे दुर्लक्ष करून फक्त आत्म्याचा विचार

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण किती वेळा ऐकली, पण ती झोपेची गोष्ट आहे हे मला सत्तरीत कळलं. जिवाच्या भीतीने पळालेला, थकलेला, झुडपाखाली बसून म्हणतो आता मरण दे. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. तो झोपतो, देवदूत उठवून निखाऱ्यावरची भाकरी आणि पाणी देतो, तो परत झोपतो, परत खायला मिळतं. देवाची ती मंद वाणी त्याला ऐकू येते ती नंतर, झोप आणि भाकरी झाल्यावर.

म्हणून आधी भाकरीचं आणि चहाचं बघा. मी संध्याकाळी सहाला कडक चहा घ्यायचे, कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, आता दुपारी दोननंतर चहा नाही. दुपारची झोप दोन-दोन तास व्हायची, आता तीनच्या आत आणि अर्धा तास, अलार्म लावून. सकाळी सातला गॅलरीत उन्हात बसून वचन वाचते, सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ मार्गी लागतं. आणि बीपीची गोळी! माझ्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध होतं आणि मी ते रात्री जेवणानंतर घेत होते, मग काय, तीनदा उठणं आलंच. डॉक्टरांना विचारून ती सकाळी केली. तुम्हीही विचारून करा, मनाने नको.

गोळ्यांच्या बाबतीत दोन उलट्या चुका

एक म्हणजे "देव बरं करेल" म्हणून सुरू असलेलं औषध सोडणं. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नाही. झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम तर अजिबात बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. दुसरी चूक म्हणजे शेजारणीची गोळी घेणं किंवा झोप येते म्हणून रोज सर्दीची गोळी खाणं. आपल्या वयात अशा गोळ्यांनी तोल जातो, गोंधळायला होतं, रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं.

आणि प्रत्येक धडधड काळजीचीच असते असं समजू नका. छातीत दुखतंय, हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटलाय तर प्रार्थना करत थांबू नका, घरच्यांना उठवा, १०८ ला फोन करा. आडवं पडलं की दम लागतो, पाय सुजतात, घोरताना श्वास अडकतो, रात्री पायांत वळवळ होते, हे सगळं डॉक्टरांना सांगायचं. पहाटे चारला जाग येते, दोन आठवडे कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही, तर तो डिप्रेशनचा आजार असू शकतो, त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

मरणाची भीती कोणाशीच न बोलणं

रात्री दोनला खरी भीती हीच असते, वरवर ती लोनची दिसते. झोपले आणि उठलेच नाही तर? हे मुलांशी बोलवत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला म्हातारा शिमोन बाळ येशूला हातात घेऊन म्हणतो, प्रभू आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. हेच गीत चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत शेकडो वर्षं म्हटलं जातंय, म्हणजे ह्या भीतीचं नाव घेऊनच लोक दिवा मालवत आले. मी हे पाळकसाहेबांशी बोलले, मग एका मैत्रिणीशी, तीही एकटी राहते. आता आमचं ठरलंय, सकाळी साडेसहाला मी तिला मिस्ड कॉल द्यायचा आणि तिने मला. सातपर्यंत आला नाही तर दुसरीने सरळ घरी जायचं, एकमेकींच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत.