लेकरांचा प्रश्न विधानसभेत न्यायचाय? मग आमदाराकडं असं जा

आमदाराकडं गेलं की आपण सभामंडप मागतो, सिमेंट रस्ता मागतो, लई झालं तर शाळेला एखादी खोली. आमदार निधीतून ते होतंय पण. पण बालसंगोपन योजनेचे (अनाथ किंवा एकच पालक असलेल्या लेकरांसाठीची सरकारी मदत) महिन्याचे 2,250 रुपये रखडले, वसतिगृहाला गृहपाल नाही, मेसचं बिल थकलं, असली कामं बांधकामाच्या निधीतून सुटत नसतात, त्याला दर महिन्याला पैसा अन् माणूस लागतो, आणि ते हलतं मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागलं की. म्हणून निधी नका मागू, तारांकित प्रश्न मागा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं असा प्रश्न.

आता प्रश्न कसा लिहायचा, हे खरं महत्त्वाचं. "बालविवाह थांबवण्यासाठी शासन काय करतंय" असं विचारलं की "शासन प्रयत्नशील आहे" एवढंच उत्तर येणार, विषय संपला. त्यापेक्षा असं विचारायला लावा: ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 ला संत भगवान बाबा वसतिगृह योजना आली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर, मग आपल्या तालुक्यातलं सुरू आहे का, मुली किती राहतात, पदं किती रिकामी, कोणत्या महिन्यापर्यंत भरणार? अशा प्रश्नाला गोल उत्तर देता येत नाही. सोबत एनएफएचएस-5 चा, म्हणजे केंद्र सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा जोडा, 20 ते 24 वयाच्या बायकांमधी 18 च्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के अन् बीडमधी 43.7, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि मायबाप ऊसतोडीला फडावर गेल्यावर पोरगी ठेवायची कुठं ही भीती त्यामागं किती मोठी आहे हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. तालुक्याची माहिती नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

खातं नीट बघा. बालसंगोपन महिला व बालविकासकडं, हे वसतिगृह सामाजिक न्यायकडं, चुकीच्या खात्याला गेलं की कागद नुसता फिरत राहतो.

टायमिंग तर लईच महत्त्वाचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात, तोवर लेकरं कारखान्यावर पोचलेली असतात. वसतिगृहाचा विषय पावसाळी अधिवेशनातच यायला पाहिजे, आणि प्रश्न अधिवेशनाच्या बरंच आधी द्यावे लागतात, म्हणून एप्रिल-मेमधीच एक पानी कागद पीएच्या हातात द्या, पोच घ्या.

तुमचा आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नसतो, शेजारच्या मतदारसंघातला गाठा. मराठवाड्यात विधानसभेच्या 46 जागा हायेत, शिवाय विधान परिषदेचे शिक्षक अन् पदवीधर आमदार आठही जिल्ह्यांचे, त्यांच्याकडं लोक जातच नाहीत, तुम्ही जा. तारांकितला नंबर लागला नाही तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, द्यायला सांगा.

मंत्री "तीन महिन्यांत करू" बोलले की ते कामकाजात नोंदवलं जातं. तारीख लिहून ठेवा, मुदत उलटली की त्याच आमदाराला सांगून विषय आश्वासन समितीकडं न्या, मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का हे बघणारी विधिमंडळाची समिती ती.