गव्हाच्या कोठीत गोळी टाकताय? शेजारी कोण झोपतं ते आधी बघा

मंडळी, मळण्या उरकल्या, शिरूर-जुन्नरकडून लोकवन घरोघरी यायला लागलाय, म्हणजे आता कुणीतरी दुकानातून सुट्ट्या सल्फासच्या (ॲल्युमिनियम फॉस्फाईड, धान्यातली कीड मारायच्या) गोळ्या आणणार, फडक्यात बांधून कोठीत सोडणार आणि ती कोठी बहुतेक घरात असते मधल्या खोलीत, आजोबांच्या खाटेला लागून.

मुळात ही गोळी घरात वापरायची नाहीच, ती सरकारी गोदामं आणि लायसन्सवाल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आहे. ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन गॅस सुटतो, 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. या गॅसमुळं पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही, हृदय ढेपाळतं, बीपी पडतं, आणि रक्त पोचेना की किडनी बसते. यावर उतारा म्हणून औषध नाही.

तरण्या माणसाची किडनी एखादवेळेस सावरते, पण चाळिशीनंतर गाळण्याची ताकद दरवर्षी थोडी थोडी उतरत जाते, सत्तरीला हाताशी शिल्लक फार नसते. त्यात गुडघ्यासाठी रोजची पेनकिलर, वर बीपीची गोळी. आणि रिपोर्टवर जाऊ नका हां, म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर मांसच कमी, त्यामुळं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनी गाळून टाकते तो कचरा) नॉर्मल दिसतं आणि किडनी आतून थकलेली असते, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) किती ते डॉक्टरांना विचारा.

मळमळ, उलटी, धाप, छाती जड वाटली तर ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा, गोळीचं पाकीट सोबत न्या, लघवी कमी झाली का तेही सांगा. उरलेल्या गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही, गॅस एकदम सुटतो.

गहू कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे, गार झाल्यावरच भरा, झाकण घट्ट लावा. आमच्याकडं आता एरंडेल तेल चोळून भरतो, हात चिकट होतात, सुनबाई कुरकुरतात, पण आबांची खाट आहे तिथंच आहे.