एनपीएमला (मिडवाइफच्या खास प्रशिक्षणाला) जाऊ का? असं विचारणाऱ्या सिस्टरांसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालं की नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत 'आरएन' (नोंदणीकृत नर्स) सोबत 'आरएम' (नोंदणीकृत मिडवाइफ) ही लागतं. म्हणजे कागदावर आपण पहिल्या दिवसापासून मिडवाइफ, बाळंतपण करणारी प्रशिक्षित सिस्टर. सरकारी दवाखान्यात मात्र स्टाफ नर्स. आज लेबर रूम, पुढच्या महिन्यात ड्यूटी लिस्ट बदलली की मेल मेडिकल, म्हणजे पुरुषांचा वॉर्ड. हात बसतो न बसतो तोच वॉर्ड बदलतो.

2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मिडवाइफचं वेगळं पद मांडलं, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, म्हणजेच एनपीएम. प्रशिक्षण 18 महिन्यांचं. अभ्यास जड नाही, जुन्या सवयी मोडणं जड जातं. पहिलटकरीण आली की बाळाची वाट मोठी करायला कट द्यायचाच, बाईला उताणंच झोपवायचं, वरून पोट दाबायचं, हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते न करता नुसतं शेजारी बसून राहणं हे काम वाटतच नाही. मला तर सुरुवातीला रिकामं बसल्यासारखं व्हायचं. बाईला चालू दिलं, उकिडवं बसू दिलं, सोबत तिची आई किंवा बहीण ठेवली की बऱ्याच गोष्टी आपोआप होतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता अधिकाराचं. आपल्या हाती फक्त कमी जोखमीची बाळंतपणं. जुळं, पायाळू, आधीचं सिझेरियन, वाढलेलं बीपी म्हणजे डॉक्टरांकडे, तिथे हुशारी नको. पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायचा तक्ता) त्या त्या वेळी भरा, डिलिव्हरीनंतर बसून नाही. डॉक्टरांना कॉल केला तर वेळ केस पेपरवर लिहा. उद्या चौकशी लागली तर तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असतो.

1947 च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर झाला. नावात मिडवाइफरी आली, याचा मला आनंद आहे. पण नोंदणी आणि शिस्त बघणारी यंत्रणा वेगळी, पोस्टिंग देणारा आरोग्य विभाग वेगळा. प्रमाणपत्र हातात असूनही जनरल वॉर्डात परत पाठवलेल्या सिस्टर मी पाहिल्यात. म्हणून अर्ज करण्याआधीच मेट्रनना विचारा: आपल्या जिल्ह्यात मिडवाइफ चालवतात असं युनिट कुठे आहे, प्रशिक्षणानंतर पोस्टिंग तिथेच मिळणार का, आणि त्या काळात आपली जागा कोण भरणार. उत्तर तोंडी नको, पत्रावर घ्या.