नाशिकमध्ये होस्टा हवाय? आधी कॅलेडियम लावून बघा

इंस्टाग्रामवर निळ्या-पिवळ्या पानांचे होस्टा बघून बरेच जण विचारतात की आपल्याकडे येईल का. खरं सांगायचं तर होस्टा चीन, जपान, कोरियाकडचं झाड, त्याला हिवाळ्यात दीड-दोन महिने सलग कडक थंडीची झोप लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री हुडहुडी भरते हो, पण दुपारी परत स्वेटर काढायची वेळ येते, तेवढ्यावर त्याचं भागत नाही. मग दरवर्षी पानं लहान लहान होत जातात. आणि ऑनलाइन जे 'रेनबो होस्टा' चं बी विकतात ना, ते तर घेऊच नका, तसले रंग होस्टाला नसतातच, शिवाय नावाच्या जातीचं बी पेरलं तरी झाड सहसा तसंच येत नाही. अगदीच हौस असेल तर प्लँटाजिनिया ही सुगंधी पांढऱ्या फुलांची जात त्यातल्या त्यात उन्हाळा सोसते, ती कुंडीत लावा.

बाकी सावलीतला कोपरा रंगीत करायचा असेल तर कॅलेडियम, म्हणजे अळूसारख्या पण रंगीबेरंगी पानांचं, कंदापासून येणारं झाड. जातीही भरपूर आहेत. कँडिडम म्हणजे पांढरं पान आणि हिरव्या शिरा, व्हाइट क्वीनच्या शिरा लाल, मिस मफेट बुटकी, पोपटी पानावर लाल ठिपके. रेड फ्लॅश थोडं ऊन सहन करते, पांढऱ्या मात्र दुपारच्या उन्हात लगेच करपतात. नर्सरीत नावं कोणी सांगत नाही, 'लाल द्या, गुलाबी ठिपक्याचा द्या' असंच मागायचं. थायलंडच्या महागड्या जाती दिसायला भारी, पण त्यांना दमट हवा लागते आणि आपला एप्रिल कोरडा ठणठणीत, म्हणून सुरुवात साध्यांनीच करा.

कंद विकत घेताना अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागला तर घेऊ नका. मे महिन्यात लावायचा, कारण माती गरम असल्याशिवाय तो हलत नाही. बारीक गाठीसारखे डोळे दिसतात ती बाजू वर ठेवून दोनेक इंच खोल, बाजू कळत नसेल तर सरळ आडवा पुरा, तो आपला आपण वर येतो. मधला मोठा डोळा नखाने खरवडून काढला तर एका मोठ्या पानाऐवजी बाजूने पाच-सहा लहान पानं फुटतात आणि कुंडी भरगच्च दिसते, ही ट्रिक नक्की करा.

आता माती, कारण गडबड इथेच होते. आपली काळी माती जुलैत पाणी धरून बसते आणि कंद आतल्या आत सडतो. कोकोपीट, जाड वाळू, गांडूळखत आणि थोडीशी लाल माती असं मिक्स करा, कुंडीला खालून भोकं मोकळी हवीत. फुटायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर पाणी बेताचंच, रोज उकरून बघत बसू नका. पूर्वेची बाल्कनी असेल तर उत्तम. युरिया टाकू नका, नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार होतात आणि रंगच फिका पडतो. फूल आलं तर कापून टाका, ताकद पानाकडे जाऊ दे.

पावसाळ्यात गोगलगायी येणारच. रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या काठाखाली बघा, तिथेच चिकटलेल्या असतात, हाताने वेचा. मीठ टाकलं तर गोगलगाय मरते पण कुंडीची मातीही जाते.

दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडून लोळायला लागतात, तेव्हा लोक घाबरून अजून पाणी घालतात. उलट हळूहळू पाणी बंद करा, पानं वाळली की कंद काढून आठवडाभर सावलीत सुकवा आणि लाकडाच्या भुशात किंवा पेपरमध्ये गुंडाळून घरात कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नाही, गॅलरीतही नाही, नाशिकची जानेवारीतली रात्र त्याला बाधते.

आणि हो, दिसतं अळूच्या भावकीतलं, आहेही, पण याच्या वड्या करायच्या नाहीत!! पान चावलं तर तोंड, घसा भयंकर खाजतो, सूजही येते. घरात रांगतं बाळ, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी टांगती लावा, आणि कंद कापताना हातमोजे घाला.