भरलेली फळं पाणी का सोडतात? पार्टीआधी या चुका टाळा

संक्रांतीनंतरचं आमच्या बेळगावच्या वडगावातलं हळदीकुंकू. चिवडा-लाडू तर सगळ्यांकडेच असतात, म्हणून त्या वर्षी मी स्ट्रॉबेरी कोरून त्यात चक्का आणि शेंगदाण्याची चटणी भरायचं ठरवलं. सकाळी 9 वाजता 40 स्ट्रॉबेऱ्या भरून, वर मीठ-तिखट भुरभुरून फ्रीजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी झाकण काढलं तर ताटात गुलाबी पाणी साचलेलं, स्ट्रॉबेऱ्या लुळ्या पडलेल्या आणि चक्का खाली उतरलेला. बायका यायला अर्धा तास राहिला होता. शेवटी ते सगळं एका पातेल्यात कालवून रायतं म्हणून वाढलं.

त्यानंतर बारसं, वाढदिवस, गच्चीवरच्या छोट्या पार्ट्या, सगळीकडे मी हे ताट करत आले. गोड फळात खारट-तिखट सारण हे लोकांना इतकं आवडतं, की भजीच्या आधी ते संपतं. पण बिघडतं तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं: पाणी. म्हणून फळ, सारण आणि मीठ या तीन गोष्टी शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत एकमेकांना भेटू द्यायच्या नाहीत.

मीठ आधी घालणं

कापलेल्या फळावर मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर पाणी सुटतं, तेच इथे होतं. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, अननस यांना 15-20 मिनिटंसुद्धा पुरतात. त्यामुळे खारटपणा सारणात ठेवा, फळाला लावू नका. वरून चाट मसाला किंवा सैंधव घालायचं असेल, तर ताट बाहेर नेताना घाला.

आणि सारणाची चव घेतल्याशिवाय वेगळं मीठ घालूच नका. शेंगदाण्याच्या चटणीत मीठ असतं, खाऱ्या काजूत असतं, चीजमध्ये तर भरपूर असतं. तिन्ही एकत्र आले की वेगळं मीठ लागत नाही. सारण खारट झालंच, तर साखर घालून ते सुधारत नाही, चव आणखी विचित्र होते. बिनमिठाचं पनीर किसून मिसळा, लगेच ताळ्यावर येतं.

ओला चक्का

दही तासभर टांगलं की वरून घट्ट दिसतं, पण आत पाणी असतं. रात्री टांगा, किमान 6 ते 8 तास, आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्येच टांगा, नाहीतर आंबट होतं. 1 किलो चांगल्या दह्यातून साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का मिळतो. मधे एकदा फडकं पिळून घट्ट बांधलं तर फरक पडतो.

तरीही सारण सैल वाटलं तर डाळ्याची पूड घाला, म्हणजे चिवड्यातल्या पंढरपुरी डाळ्याची. 100 ग्रॅम चक्क्याला 1 चमचा, आणि 10 मिनिटं थांबा. लगेच दुसरा चमचा घालू नका, पूड फुगायला वेळ लागतो, आणि घाई केली की सारण पिठासारखं लागतं. लोणी घालून घट्ट करायची युक्ती पुष्कळजणी सांगतात. बेळगावचं लोणी चविष्ट आहेच, पण ते फ्रीजमधून काढल्यावर चांगलं दिसतं आणि मार्चच्या दुपारी गच्चीवर वितळून जातं. थंडीत वापरा, उन्हाळ्यात नको.

अननस, किवी आणि दूध

ही चूक ओळखायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. अननसाच्या फोडीवर पनीर-चक्क्याचं सारण घातलं, चव छान होती. तासाभराने तेच सारण कडवट आणि पातळ. दही खराब असेल म्हणून दुकान बदललं, तरी तेच. दोष दह्याचा नव्हताच. कच्च्या, म्हणजे न भाजलेल्या-शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. किवीतही तसंच एक एन्झाइम आहे. म्हणून ही दोन्ही फळं कच्ची असताना दही, पनीर, क्रीम यांच्याबरोबर टिकत नाहीत.

उपाय सोपा आहे. अननसाच्या जाड फोडी तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगल्या गरम होऊन जरा तांबूस होईपर्यंत भाजा आणि पूर्ण गार करा. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं, आणि भाजलेल्या अननसाचा गोडवाही वाढतो. भाजायला वेळ नसेल तर अननसाबरोबर दुधाचं काही घेऊच नका. ओलं खोबरं, भाजलेले तीळ, हिरवी मिरची आणि मीठ यांची कोरडी चटणी अननसावर फार छान लागते.

गोडात गोड भरणं

आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की कुंदा, म्हणजे बेळगावची आटीव दुधाची मिठाई, आणायचाच. मग खजूर फोडायचा, बी काढायची, आत कुंदा भरायचा, हे पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचतं. मलाही सुचलं होतं. पण खजूर गोड, कुंदा त्याहून गोड, दुसरा तुकडा कोणी उचलत नाही. कुंद्याला आंबट किंवा तुरट जोडीदार हवा. थोडी आंबट स्ट्रॉबेरी कोरून त्यात चिमूटभर कुंदा आणि वर अर्धा खारा काजू, ही जोडी एकदा करून बघाच. आपल्या शेजारचं चंदगड काजूसाठीच ओळखलं जातं, तिकडचा काजू मिळाला तर घरी तुपात परतून मीठ लावा.

खजुराला मात्र खारटच हवं. पनीर किसून, त्यात जिरेपूड, मिरपूड, थोडी शेंगदाण्याची चटणी. 25 मध्यम खजुरांना 100 ते 125 ग्रॅम सारण पुरतं. लाल तिखट घालायचं तर रंगासाठी ब्याडगी घ्या. संकेश्वरी मिरची आपल्याच भागातली, पण तिचा झणका लहान मुलांना सोसत नाही.

खजूर निवडतानाही चूक होते. डब्यातला, फ्रीजमध्ये ठेवायचा तो काळा मऊ खजूर खायला उत्तम, भरायला कठीण. सुरी लावली की फाटतो. तोच असेल तर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि सुरीला तुपाचं बोट लावा. उलट खजूर कडक निघाला तर पाण्यात भिजवू नका, 2-3 मिनिटं वाफेवर ठेवा. आणि प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघाच. बाहेरून चकचकीत असलेल्या खजुरातही अळी किंवा काळी भुकटी निघू शकते, म्हणून नुसती बी ढकलून काढणं योग्य नाही.

धुणं, कोरणं, उभं करणं

स्ट्रॉबेरी आणून लगेच धुऊन ठेवली की दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. वापरायच्या वेळीच धुवा, तेही देठ काढायच्या आधी, नाहीतर पाणी आत शिरतं. कोरल्यावर सुती फडक्यावर उलटी ठेवा, 10 मिनिटांत बरंच पाणी गळतं. टोकाचा अगदी पातळ काप काढला की ती ताटात सरळ उभी राहते. जास्त कापलं तर तळाला भोक पडून सारण गळतं.

पेरूचं उलटं आहे. तो टणक, अर्धा पिकलेलाच घ्या. पूर्ण पिकलेल्या पेरूची वाटी भरताना मोडते. बियांचा गर चमच्याने काढा, गाळून घ्या आणि तोच सारणात थोडा मिसळा, पेरूचा वास सारणाला लागतो. माझ्या मते आपल्या भागात या ताटासाठी पेरूइतकं चांगलं फळ नाही: पाणी कमी सोडतो, लवकर काळा पडत नाही आणि मीठ-तिखटाशी त्याची जुनी ओळख आहे.

सफरचंद आणि नासपती कापली की तपकिरी होतात. 2 वाट्या पाण्यात 1 चमचा लिंबाचा रस घालून फोडी 3-4 मिनिटं बुडवा आणि पुसून कोरड्या करा. पुसायचं राहिलं तर पुन्हा तेच, पाणी.

अथणी-विजापूरकडची मोठी द्राक्षं आली की ती भरायचा मोह होतो. कोरण्यात फार वेळ जातो, मी आता उभी अर्धी चिरते आणि मधे पनीरचा तुकडा ठेवते. घरात लहान मुलं असतील तर अख्खं गोल द्राक्ष त्यांच्या हातात देऊच नका, घशात अडकतं. त्यांच्यासाठी द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. टूथपिक असेल तर ती बाहेर ठळक दिसायला हवी.

सारण भरायला बटर पेपरचा कोन पुरतो, पण चटणीचे दाणे त्यात अडकतात. कोनातून फक्त चक्का-पनीरचं गुळगुळीत मिश्रण घाला, चटणी, शेव, काजू वरून. कुरकुरीत गोष्टी अगदी शेवटी. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरच्या हवेत भाजलेला काजूसुद्धा तासाभरात मऊ पडतो, म्हणून तो घट्ट डब्यात ठेवा आणि ताटाबरोबरच उघडा.

पाहुण्यांना न विचारणं

चिकोडी-निपाणीपासून बेळगावपर्यंत जैन कुटुंबं सगळीकडे आहेत, आपल्या पार्टीत एखादं तरी घर असतंच. अनेक जैन घरांत अंजीर आणि मध चालत नाहीत, लसूणही नाही. आपण मात्र अंजिरात लसूण-चटणीचं सारण भरतो, वर मधाची धार सोडतो आणि मग त्यांना नुसतं सरबत घ्यावं लागतं. मधाऐवजी काकवी वापरा, चवीत काही उणं पडत नाही. लसणाशिवायच्या चटणीचं ताट वेगळं ठेवा आणि चमचाही वेगळा. पुष्कळजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यांना संध्याकाळी आधी वाढा. शेंगदाणा किंवा काजू सोसत नसलेलं कोणी आहे का, हेही आमंत्रण देतानाच विचारा.

माणशी 3-4 तुकडे धरा. 20 जणांना 70 च्या आसपास होतात, मध्यम खजूर 1 किलोत साधारण 100 येतात. सगळं एकदम मांडू नका. दही-पनीरचं सारण बाहेर 2 तासांपेक्षा जास्त राहू नये, कडक उन्हाळ्यात तर 1 तासच. केळीच्या पानावर निम्मं ताट लावा, तुकडे एकमेकांना न चिकटता, आणि उरलेली फळं व सारण फ्रीजमध्ये वेगवेगळी ठेवा. पहिलं ताट संपत आलं की स्वयंपाकघरात एकीने कोन धरायचा, दुसरीने काजू ठेवायचे, 10 मिनिटांत दुसरं तयार होतं. आमच्याकडे हे काम जाऊबाई आणि मी करतो, आणि तोवर बाहेरून कोणीतरी रिकामं पान घेऊन आत आलेलंच असतं.